नाण्यांवरील टाकसाळ-चिन्हे : ओळख, पारख आणि किंमत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकसाळ-चिन्ह म्हणजे नेमके काय?

एकाच देशाचे, एकाच वर्षाचे आणि एकाच मूल्याचे नाणे एकाहून अधिक टाकसाळींत पाडले जाते, तेव्हा कोणते नाणे कोठे पाडले हे कळावे म्हणून ठशात जी बारीकशी खूण कोरलेली असते तिला टाकसाळ-चिन्ह म्हणतात. संग्राहकांच्या बोलण्यात सर्रास ‘मिंटमार्क’ हाच शब्द असतो. ही खूण शोभेसाठी नसते. नाण्याचे वजन कमी भरले किंवा धातूचा कस उतरला, तर जबाबदारी कोणत्या टाकसाळीची हे ठरवता यावे, हा तिचा मूळ हेतू. संग्राहकाला तिचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणाने. एका वर्षी एका टाकसाळीने कोट्यवधी नाणी पाडलेली असतात आणि दुसरीने फारच थोडी, त्यामुळे वर्ष तेच असूनही दोन नाण्यांच्या किमतींत मोठे अंतर पडते.

सध्याच्या भारतीय नाण्यांवर कोणती चिन्हे आढळतात?

भारत सरकारच्या चार टाकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाण्यावरील वर्षाच्या अगदी खाली, मधोमध पाहावे. पत्त्यांतल्या चौकटीसारखी आकृती दिसली तर नाणे मुंबईचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे आणि गोल ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर ते कोलकात्याचे समजतात. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या वर्षाच्या नाण्यावर ‘नोएडाचा ठिपका’ असल्याचे कोणी सांगितले तर तो ठिपका काहीतरी वेगळा आहे हे निश्चित समजावे.

हैदराबादची टाकसाळ मुळात निजामाची. ती १९५० मध्ये केंद्र सरकारकडे आली. आज तिची ओळख असलेला तारा तिने सुरुवातीपासून वापरलेला नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या तिच्या नाण्यांवर मधोमध चिरलेली चौकट किंवा पोटात ठिपका असलेली चौकट दिसते. नवखे संग्राहक ही दोन्ही चिन्हे मुंबईची समजून चुकतात. घरातल्या डब्यात ‘नये पैसे’ असे लिहिलेली जुनी नाणी असतील तर ती पुन्हा एकदा भिंगाखाली घालावीत, असे मी आवर्जून सुचवीन.

चिन्ह नसलेले प्रत्येक नाणे कोलकात्याचेच असते का?

बहुतेक वेळा असते, पण हा नियम डोळे झाकून लावू नये. ब्रिटिश काळात कोलकाता ही मुख्य टाकसाळ होती आणि मुख्य टाकसाळीने खूण न ठेवण्याची रीत जगात इतरत्रही दिसते. तीच प्रथा पुढे चालू राहिली. मात्र सहाव्या जॉर्जच्या १९३८ च्या चांदीच्या रुपयाचे उदाहरण पाहावे. हा रुपया वर्षाखाली ठिपका असलेला आणि नसलेला, अशा दोन्ही प्रकारांत मिळतो, आणि अभ्यासक हे दोन्ही प्रकार मुंबईचेच मानतात. याशिवाय झिजून पुसट झालेली खूण आणि मुळातच नसलेली खूण यांत फरक करावा लागतो. वर्षाचे आकडेच सपाट झाले असतील, तर त्याखालची खूण शाबूत असेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. अशा नाण्याची नोंद ‘टाकसाळ अनिश्चित’ अशीच करावी. ही नोंद करताना मनाला रुखरुख लागते, पण संग्रहाची विश्वासार्हता अशाच नोंदींवर उभी राहते.

पुसट झालेली खूण कशी वाचावी?

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि एका बाजूने येणारा उजेड एवढे पुरते. दिवा नाण्याच्या डोक्यावर धरू नये. तो जवळजवळ आडवा, टेबलाच्या पातळीला ठेवून नाणे हळूहळू फिरवावे, म्हणजे उठावाच्या भागाची सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या जागेतही आकार उमटतो. पोलादी नाण्यांवर नोएडाचा ठिपका आणि गंजाचा किंवा घाणीचा कण यांत हमखास गोंधळ होतो. खरा ठिपका ठशातून आलेला असल्याने त्याची कड गोल व स्वच्छ असते, नाण्याच्या पृष्ठभागातूनच तो वर आल्यासारखा दिसतो आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या नाण्यावर नेमक्या त्याच जागी असतो. म्हणूनच शंका आली की एकटे नाणे पाहत बसू नये, त्याच्याशेजारी निश्चित ओळख पटलेले जोडीचे नाणे ठेवावे. झिजलेला तारा बोथट होऊन ठिपक्यासारखा दिसू लागतो. तिरप्या उजेडात त्याच्या टोकांचा मागमूस बहुधा सापडतो.

१९८५ च्या रुपयावर ‘एच’ का आहे? तो दुर्मिळ आहे का?

१९८० च्या दशकात चिल्लरीची टंचाई इतकी वाढली की सरकारने परदेशी टाकसाळींकडून नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली असलेले रोमन लिपीतील ‘एच’ हे अक्षर इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या टाकसाळीचे आहे. ही टाकसाळ हीटन घराण्याने नावारूपाला आणली आणि त्या नावाचे आद्याक्षर तिची खूण बनले. त्याच वर्षी वेल्समधील लँट्रिसंट येथील रॉयल मिंट या ब्रिटिश सरकारी टाकसाळीनेही भारतासाठी रुपये पाडले. त्यांवर चौकटच आहे, पण ती मधोमध नसून वर्षाच्या पहिल्या आकड्याखाली आहे. मुंबईचा रुपया आणि लँट्रिसंटचा रुपया यांतला फरक ओळखायचा तो केवळ या जागेवरून. १९८८ च्या नाण्यांवर दिसणारे ‘सी’ हे अक्षर कॅनडातील ओटावाचे आहे, कोलकात्याचे नव्हे. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा परदेशातून नाणी आली. स्लोव्हाकियातील क्रेमनिका टाकसाळीची ‘एमके’ ही जोडाक्षरी खूण आणि मॉस्को टाकसाळीची रशियन लिपीतील तीन अक्षरे त्याच काळातील.

आता दुर्मिळतेचा प्रश्न. ‘एच’ असलेला रुपया दुर्मिळ नाही. टंचाई भागवण्यासाठीच तो मागवला होता, त्यामुळे तो मोठ्या संख्येने आला आणि आजही वापरलेल्या स्थितीत सहज मिळतो. ‘हे नाणे असेल तर तुम्ही लखपती’ असे सांगणाऱ्या चित्रफितींतून याच बिचाऱ्या रुपयाची सर्वाधिक बदनामी झाली आहे.

राणीछाप रुपयावर खूण कोठे शोधावी?

हा विभाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात हाच रुपया असतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असा किताब आहे. मुंबईच्या नाण्यांवर ‘बी’ आणि कोलकात्याच्या काही नाण्यांवर ‘सी’ हे अक्षर मागील बाजूला, वर्षाच्या खालच्या वेलबुट्टीत दडलेले असते. अक्षर कधी उठावाचे असते, तर कधी खोदीव. एकाच वर्षाचे उठावाचे ‘बी’ आणि खोदीव ‘बी’ हे संग्राहक दोन स्वतंत्र प्रकार मानतात. नोंद करताना ‘बी आहे’ एवढेच लिहिले तर निम्मी माहिती हातची जाते.

१८६२ च्या रुपयाचे प्रकरण निराळेच आहे. त्यानंतर कित्येक वर्षे पाडलेल्या रुपयांवरही १८६२ हेच साल कायम ठेवले गेले, आणि प्रत्यक्ष वर्ष १८७४ पासून नियमितपणे बदलू लागले. मधल्या काळातील मुंबईच्या रुपयांवर वर्षाच्या खाली आणि वर बारीक ठिपके आढळतात. ठिपक्यांच्या संख्येवरून नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पाडले याचा अंदाज बांधतात. म्हणून संग्राहक १८६२ च्या रुपयाची नोंद ‘वर किती, खाली किती’ अशी करतात. ताटातले अकरा रुपये अकराही १८६२ चे असले, तरी ते एकसारखे असतीलच असे नाही. एखाद्या दुपारी भिंग घेऊन ते ठिपके मोजण्यात जो आनंद आहे, तो मी गेली अनेक वर्षे घेत आलो आहे.

सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांचे काय?

एडवर्डच्या मुंबईच्या रुपयावर मागील बाजूस तळाच्या कमळाच्या भागात बारीक ‘बी’ असते, तर जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर अक्षर जाऊन तळाच्या कमळाखाली उठावाचा ठिपका येतो. दोघांच्याही काळात कोलकात्याचे रुपये बिनखुणेचे आहेत. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया त्यावरील हत्तीच्या चित्रामुळे प्रसिद्ध झाला. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड दिसल्याने तो डुकरासारखा वाटतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. त्या रुपयाची किंमत मुख्यतः चित्रामुळे आहे, टाकसाळ-चिन्हामुळे नव्हे.

राजाच्या मानेखालील अक्षरे हेही टाकसाळ-चिन्हच असते का?

नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमच्या मानेच्या कापावर ‘एफ’ किंवा ‘आर. एस.’ ही अक्षरे आढळतात. ती कोलकाता टाकसाळीच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे अनुक्रमे फोर्ब्ज आणि सॉन्डर्स यांची आद्याक्षरे आहेत. १८४० च्या व्हिक्टोरियाच्या रुपयावरील ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ हे विल्यम वायन या ठसे कोरणाऱ्या कलावंताचे नाव सुचवते. अशा अक्षरांवरूनही प्रकार ठरतात आणि किमतीही बदलतात, पण त्यांना टाकसाळ-चिन्ह म्हणणे चूक आहे.

अंकुशी रुपयावरील अंकुश टाकसाळ-चिन्ह आहे का?

मराठी संग्राहकांकडून हा प्रश्न नेहमी येतो. पेशवाईतील रुपयांवर मजकूर फारसी असून बादशहाचे नाव असते आणि हत्तीचा अंकुश ही त्यांवरची वेगळी खूण. पुण्याच्या परिसरातील एकापेक्षा अधिक टाकसाळींनी ही खूण वापरली, त्यामुळे अंकुश दिसला म्हणून एका विशिष्ट टाकसाळीचे नाव घेता येत नाही. अंकुशावरून नाण्याची जात कळते, जागा कळत नाही. जागेसाठी फारसी मजकुरातील गावाचे नाव वाचावे लागते, आणि नाण्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने नेमके ते नाव अनेकदा बाहेर राहून गेलेले असते.

‘एल’ असलेली नाणी कोठली?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाण्यांची मागणी वाढल्याने १९४३ मध्ये लाहोरला टाकसाळ उघडण्यात आली. ‘एल’ ही तिची खूण. फाळणीनंतर ही टाकसाळ पाकिस्तानात गेली, म्हणून सहाव्या जॉर्जच्या काळातील मोजक्याच वर्षांत हे अक्षर दिसते. वापरलेल्या स्थितीतील बहुतेक ‘एल’ नाणी आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतात.

१९१८ च्या सोन्याच्या नाण्यावर ‘आय’ असते म्हणतात, ते खरे का?

होय. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या टाकसाळीत रॉयल मिंटची शाखा चालवली गेली आणि तेथे १९१८ साल असलेले सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले गेले. घोडेस्वार संत जॉर्जच्या बाजूला, वर्षाच्या वर, जमिनीच्या रेषेवर मधोमध ‘आय’ हे बारीक अक्षर असते. हे एकाच वर्षाचे आणि आपल्या मुंबईचे नाणे असल्याने त्याला मागणी आहे. बनावट नाणीही तितकीच आहेत, त्यामुळे वजन व कस तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

संचातील नाण्यांवर ‘बी’ किंवा ‘एम’ दिसते, ते काय?

संग्राहकांसाठी खास घडवलेल्या, आरशासारख्या पृष्ठभागाच्या नाण्यांना प्रूफ म्हणतात. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ असे. शहराचे नाव बदलल्यावर, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘एम’ आले.

नाण्याची किंमत नेमकी कशी ठरते?

चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : वर्ष आणि खूण यांची जोडी, नाण्याची स्थिती, धातू आणि त्या प्रकाराला असलेली मागणी. यातील कोणतीही एक गोष्ट सुटी काढून किंमत सांगता येत नाही, आणि फसवणूक होते ती नेमकी येथेच. ‘हैदराबादचा तारा’ ही काही किंमत नव्हे. अमुक मूल्याचे, अमुक वर्षाचे, तारा असलेले, अमुक स्थितीतील नाणे, इतके सांगितल्यावरच बोलणी सुरू होऊ शकतात.

धातूची किंमत हा पाया. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांचे वजन तेच राहिले, पण चांदी निम्म्यावर, म्हणजे ५.८३ ग्रॅमवर आली. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे. सामान्य वर्षाचा, झिजलेला राणीछाप रुपया चांदीच्या भावापेक्षा थोड्याफार अधिक किमतीला जातो. त्याहून जास्त मागणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे.

स्थिती हा सर्वांत निसरडा भाग आहे. राणीच्या गालाची गोलाई, केसांच्या बटा, मुकुटावरील नक्षी आणि वस्त्रावरील वेलबुट्टी हे उंच भाग आधी झिजतात, म्हणून दर्जा ठरवताना तेच पाहावेत. जगभर १ ते ७० अशी गुणांची मोजपट्टी वापरतात आणि ६० पासून पुढे चलनात न वापरलेली नाणी येतात. सामान्य वर्षाचे चलनात न आलेले नाणे दुर्मिळ खुणेच्या पार झिजलेल्या नाण्यापेक्षा महाग विकले जाते, हे नवख्यांना पटत नाही, पण कोणत्याही लिलावाचे निकाल पाहिले की ते दिसून येते. किंमत पाहायची ती प्रत्यक्ष झालेल्या लिलावांतील अंतिम बोलीवरून. विक्रेत्याने लावलेला आकडा ही त्याची इच्छा असते.

१९३९ चा रुपया इतका महाग का?

१९२२ नंतर चलनासाठी चांदीचे रुपये पाडणे थांबले आणि १९३८ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९३९ साल असलेले रुपये मुंबईत पाडले गेले, पण त्यांतील बहुतेक वितळवण्यात आले आणि १९४० पासून निम्म्या चांदीचे रुपये आले. त्यामुळे खरा १९३९ चा रुपया क्वचितच हाती येतो, आणि म्हणूनच तो सर्वाधिक बनावट होतो.

एका प्रदर्शनात मी स्वतः असा रुपया घेतला होता. वजन बिनचूक, आवाज खणखणीत, कडेच्या खाचा व्यवस्थित. घरी आल्यावर तिरप्या उजेडात पाहिले, तेव्हा शेवटच्या ९ च्या डाव्या खालच्या अंगाला पृष्ठभाग किंचित खोलगट आणि बारीक ओरखड्यांनी भरलेला दिसला. तो मुळात १९३८ चा अस्सल रुपया होता, आणि ८ च्या खालच्या गोलाचा डावा भाग खरवडून कोणीतरी ९ केला होता. वजन जुळणारच, कारण नाणे खरेच होते, खोटा होता तो फक्त एक आकडा. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तो रुपया मी आजही जपून ठेवला आहे आणि नव्या संग्राहकांना सर्वांत आधी तोच दाखवतो.

टाकसाळ-चिन्हही असे बदलता येते का?

येते, आणि तेही दोन मार्गांनी. ठिपका किंवा चौकट घासून काढली की मुंबईचे नाणे ‘बिनखुणेचे’ होते, आणि वरून खूण चिकटवली की बिनखुणेचे नाणे खुणेचे होते. घासलेल्या जागी आजूबाजूच्या पृष्ठभागाची मूळ झाक तुटते आणि भिंगातून एका दिशेच्या रेषा दिसतात. चिकटवलेल्या खुणेच्या बुडाशी बारीक फट किंवा वेगळ्या रंगाची कड असते. ओतीव बनावट नाण्यावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात आणि कडेवर जोडाची रेषा सापडते. वजनाचा छोटा डिजिटल काटा आणि जाडी-व्यास मोजायचा कॅलिपर जवळ असावा. चांदीच्या रुपयाचा व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर असतो.

नाणी घासून स्वच्छ करावीत का?

अजिबात करू नयेत. आमच्या आत्याने एका दिवाळीला ताटातले सगळे राणीछाप रुपये चिंच आणि राखेने लखलखीत केले. मोठ्या प्रेमाने केलेल्या त्या कामात वेलबुट्टीतली दोन खोदीव अक्षरे कायमची बुजली आणि शंभर वर्षांची काळसर झाक गेली. फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून मऊ कापडावर न चोळता कोरडी करावीत.

माझ्याकडच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील का?

मिळणार नाहीत. २०१२ साल असलेली ती पाच आणि दहा रुपयांची स्मारक नाणी चलनात मोठ्या संख्येने आली. त्यांवर कोणत्याही टाकसाळीची खूण असली, तरी ती लाखांची होत नाहीत. अशा जाहिरातींतून संपर्क साधणारे लोक आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’ असे पैसे मागत जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून हा प्रकार चालतो, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा व्यवहारांत तिचा काहीही सहभाग नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार खरेदीदार नसतो. निवृत्तीच्या पैशातून असे ‘शुल्क’ भरलेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्या घरातील ज्येष्ठांना हे कृपया वेळेवर सांगावे.

परदेशातील मुलांकडे जुनी नाणी पाठवता येतात का?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे आजीचे राणीछाप रुपये सामानात घालून अमेरिकेला नेणे हा गुन्हा ठरू शकतो, भावना कितीही शुद्ध असली तरी. नाण्याच्या वयाविषयी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आधी विचारणा करावी.

प्रत्यक्ष नाणी पाहून शिकण्यासाठी कोठे जावे?

मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणी व नोटांचे संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. जाताना भिंग न्यावे, आणि काचेपलीकडच्या नाण्यावरची खूण वर्षाखाली मधोमध आहे की पहिल्या आकड्याखाली, हे आधी पाहावे.